दोन्ही काचांवरचा ठिपका

हे सांगायचं मी सहा वर्षं टाळलं. टाळायला कारणं भरपूर मिळाली. आधी डोळ्यांचं, मग गुडघ्याचं, मग जगच बंद होतं त्याचं. मंडळात कुणी त्या चित्राचा विषय काढला की मी चहाचे कप गोळा करायला उठायचो. आता पंचाहत्तरी उलटली आहे आणि ज्या बाईंना हे सांगायचं होतं त्या राहिल्या नाहीत. निदान लिहून तरी ठेवतो.

मी छत्तीस वर्षं अंधेरीच्या एमआयडीसीतल्या एका छापखान्यात रीटचिंग केलं. रंगीत चित्र छापायचं तर त्याच्या चार रंगांच्या चार वेगळ्या फिल्म निघायच्या. खालून उजेड असलेल्या काचेच्या टेबलावर फिल्म ठेवायची, डोळ्याला भिंग लावायचं आणि तिच्यावर धुळीने पडलेले ठिपके बारीक ब्रशने बुजवायचे किंवा ब्लेडच्या टोकाने खरवडायचे. चारही फिल्म अशा साफ झाल्या की मगच त्या एकमेकींवर बसवायच्या. एखादीवर ठिपका राहून गेला तर छापलेल्या नटीच्या गालावर निळा तीळ उगवायचा. मग आमचा फोरमन कागद नाचवत यायचा. "काय रे, दृष्ट लागू नये म्हणून तीट लावलीस काय तिला?" आमच्या धंद्यात साफ केलेल्या फिल्मलाच खरी फिल्म म्हणत. साफ करण्याआधीची ती कच्ची. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं यातूनच झालं.

निवृत्तीनंतर बायकोने मला घराबाहेर काढायचं म्हणून आमच्या भागातल्या वाचनालयाच्या आकाश मंडळात पाठवलं. दर रविवारी सकाळी दहाला वाचनालयाच्या वरच्या खोलीत आठ-दहा माणसं जमायची. अंधेरीतून आकाश म्हणून जे काही दिसतं त्यात विमानतळाकडे उतरणारे दिवे जास्त आणि तारे कमी. त्यामुळे आमचं आकाश संगणकावर, तेही सकाळच्या उन्हात, खिडकीला सतरंजी लावून. वाचनालयाचा शिपाई आम्हाला दिवसा तारे बघणारे म्हणायचा.

मंडळ चालवायचे ते एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेले. त्यांना सगळे सर म्हणत. त्यांनीच ती साइट दाखवली. जगातल्या मोठ्या दुर्बिणींनी आकाशाचा तुकडान् तुकडा टिपून ठेवला आहे. फार पूर्वी हे फोटो कागदाएवढ्या मोठ्या काचांवर घेत. त्या काचा आता संगणकात उतरवल्यात आणि कुणालाही फुकट बघता येतात. आकाशातल्या जागेचे आकडे टाकायचे, किती रुंद तुकडा हवा ते सांगायचं, कुठल्या काळातली पाहणी हवी, कुठल्या रंगाची काच हवी ते निवडायचं, उजेड-अंधार कमीजास्त करायचा आणि बटण दाबायचं. थोड्या वेळात तुम्ही मागितलेलं आकाश तुमच्यासाठी जुळून येतं. शिवणाऱ्याला माप द्यावं तसं.

मला त्या साइटने झपाटलं. दुपारी जेवणं झाली की मी पडदे ओढून बसायचो. जोगेश्वरीतलं आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. खाली भंगारवाल्याची हाक, वर पंख्याचा आवाज आणि समोर चौकोनाचौकोनाने येणारं आकाश. आधी सगळं धूसर असायचं, पीठ कालवलेल्या पाण्यासारखं. मग एकेक चौकोन निवळत जायचा. तळाशी बसलेली खडीसाखर दिसावी तसे तारे दिसू लागायचे. कधी त्यात एखादं फिकट चक्र असायचं, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांची दूरची दीर्घिका. त्याचा उजेड निघाला तेव्हा माणूस नव्हता असं सर सांगत. मला ते खरं वाटायचं आणि वाटायचंही नाही. मान वर करायचो तेव्हा बायको चहा ठेवून गेलेली असायची, त्यावर साय धरलेली.

बाई माझ्यानंतर वर्षाने मंडळात आल्या. मरोळच्या गावठाणातल्या. त्यांचं कुटुंब तिथलं फार जुनं. घरासमोर दगडी क्रूस, मागे शेत होतं तिथे आता कार्यालयांच्या काचेच्या इमारती. फुलाफुलांची सुती साडी, केसांत फुलांऐवजी पेन. औषधांच्या एका कारखान्यात त्यांनी तीस वर्षं इंजेक्शनच्या कुप्या तपासल्या होत्या. ते काम कसं असतं ते त्यांनी मला एका रविवारी पेनाचं टोपण हातात धरून दाखवलं.

"पुढे ट्यूबलाइट, मागे पडदा. अर्धा काळा, अर्धा पांढरा. कुपी उलटी करायची आणि हलकेच फिरवायची. हिसका द्यायचा नाही, नाहीतर बुडबुडे येतात. आत कचरा असेल तर तो उठतो, गोल फिरतो, चमकतो. पांढरा कचरा काळ्यावर दिसतो, काळा पांढऱ्यावर. दिसला की कुपी बाजूला."

"आणि नाही दिसला तर?"

"मला दिसायचाच. माझ्या हातून एकही परत आली नाही, विचारा कुणालाही."

मग त्या आपणहून हसल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही पुसणारे, मी पकडणारी. कसं जमायचं आपलं?"

तेव्हापासून मी त्यांचा पुसणारे भाऊ झालो. त्यांना मी बाईच म्हणायचो. आकाशातल्या जागेच्या आकड्यांना त्या बॅच नंबर म्हणत. कारखान्याकडून मिळालेल्या एका जुन्या डायरीत ते उतरवून ठेवत आणि रविवारी त्यांची अर्ध्या तासाची पाळी आली की संगणकावर दोन काळातल्या दोन काचा शेजारी लावून बघत बसत. कधी इकडे, कधी तिकडे, मान अगदी थोडी हलायची. त्यांच्याकडे संगणक नव्हता. घरात मुलाचा मोबाइल होता, पण त्या म्हणत, "खिडकीच्या फटीतून लग्न बघितल्यासारखं वाटतं." त्यामुळे आठवड्याचा तो अर्धा तास हेच त्यांचं आकाश होतं.

आमच्या वाचनालयात वर्षातून एकदा चित्रांचं प्रदर्शन लागायचं. त्या वर्षी मंडळालाही एक भिंत मिळाली. मोठं चित्र मी करायचं ठरलं. सरांनी एक सुंदर चक्र सुचवलं, दोन हात पसरून गिरकी घेणारं. मी साइटवरून त्याची जुनी लाल काच आणि जुनी निळी काच वेगवेगळी उतरवून घेतली. दोन्ही काळ्या-पांढऱ्या. त्यांना रंग देऊन एकमेकींवर बसवल्या की रंगीत चित्र तयार. पण जुन्या काचा त्या. धूळ, केस, ओरखडे, कुठे बोटाचा ठसा वाटावा असा डाग. मी जे आयुष्यभर केलं तेच केलं. आधी प्रत्येक फिल्म साफ करायची, मग बसवायची. संगणकात शेजारचा तुकडा उचलून ठिपक्यावर चिकटवायचं हत्यार असतं, ब्लेडपेक्षा किती तरी हलक्या हाताचं. चार दुपारी मी ठिपके पुसत होतो. हात आपोआप चालायचा. मध्येच डुलकी लागायची आणि झोपेतही मी पुसत असायचो. जागं झाल्यावर झोपेतले कुठले आणि खरे कुठले ते सांगता आलं नसतं.

प्रदर्शनाच्या आधीच्या रविवारी मी ते चित्र मंडळात दाखवायला पेनड्राइव्हवर नेलं. वाचनालयाचं नेट त्या दिवशी बंद होतं. पडद्यावर चित्र आलं आणि मागून दोघंतिघं वा म्हणाले. मला फार बरं वाटलं. तेवढ्यात बाईंनी डायरी उघडली.

"सर, या चक्राच्या उजव्या हाताच्या टोकाला एक तारा होता. गेल्या रविवारी मी पाहिला. जुन्या लाल काचेवर आहे, तीसेक वर्षांनंतरच्या लाल काचेवर नाही. इथे पण दिसत नाही मला."

सर पुढे सरकले. म्हणाले, "निळ्या काचेवर पाहिलात?"

"निळी राहिली. माझी वेळ संपली होती."

"मग तिथेच खरी परीक्षा आहे. त्या रात्री लाल आणि निळी काच पाठोपाठ घेतलेली आहे. एकीवरच ठिपका असेल तर तो काचेचा डाग. दोन्हींवर असेल तर तो आकाशातला." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "असं चक्राच्या काठावर काही चमकून विझलं असेल तर ती मोठी गोष्ट असते. एखादा अख्खा तारा फुटलेला असू शकतो. तुमच्याकडे मूळ काचा आहेत ना दोन्ही?"

"आहेत की," मी म्हणालो.

मी दोन्ही उघडल्या. साफ केलेल्या. माझ्या लेखी त्याच मूळ होत्या. उजव्या हाताचं टोक मोठं करून दाखवलं, आधी लाल, मग निळी. दोन्हीकडे मऊ काळोख.

"नाहीये," सर म्हणाले. "बघून घ्यायचं का साइटवर, नेट आलं की?"

"मी चार दिवस याच्यावरच बसलोय सर. कोपरान् कोपरा पाहिलाय."

बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ मागून म्हणाले, "बाई, चष्मा पुसा जरा."

सगळे हसले. तेवढ्यावर थांबलं असतं. पण माझ्या चित्राचं कौतुक मध्येच तुटलं होतं आणि ते मला टोचत होतं. मी म्हणालो, "त्यांचा काय दोष? तीस वर्षं कुप्यांत कचरा शोधला, आता आकाशातही दिसायला लागलाय."

या वेळी हसू मोठं आलं. बाईही हसल्या. मग त्यांनी खरंच चष्मा काढला, पदराने पुसला, घातला आणि पडद्याकडे पुन्हा पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "मोतीबिंदू असेल," असं अगदी हळू म्हणाल्या आणि डायरी मिटली.

त्या क्षणी मी खोटं बोललो नव्हतो. माझ्या बाजूने सांगण्यासारखं एवढंच आहे आणि तेही दुपारपर्यंतच टिकलं. जेवून मी पडदे ओढले आणि कशाला कोण जाणे, साइटवर तीच जागा पुन्हा मागितली. लाल काच चौकोनाचौकोनाने निवळत आली. उजव्या हाताच्या टोकाला, बोटात अंगठी असावी तसा, एक ठिपका. मी निळी मागितली. ती येईपर्यंत पंख्याचा आवाज ऐकत बसलो. तिथेही होता. तोच, तिथेच.

आणि मग मला तो पुसल्याचंही आठवलं. बुधवारच्या दुपारी. इतक्या सुंदर हाताच्या टोकाला तो टपोरा ठिपका बघून माझ्या कानात फोरमन बोलला होता, तीट लावलीस काय तिला. एका काचेवर पुसला, दुसरीवर दिसला, तिथेही पुसला. दोन्हींवर एकाच जागी आहे हे डोळ्याने पाहिलं होतं आणि हात थांबला नव्हता. खाली काळोख इतका छान बसला की मी स्वतःवरच खूश झालो होतो.

तारा कुणाचा हरवला नव्हता. पुढे मी शोधलं तेव्हा कळलं की तो कुणा अभ्यासकाने फार पूर्वीच नोंदवून ठेवलाय. फुटलेलाच तारा होता. जगाचं काही अडलं नव्हतं. अडलं होतं ते फक्त मरोळच्या एका बाईचं, जिच्या हातून एकही कुपी परत आली नव्हती.

फोन उचलायला हवा होता. उचलला नाही. आधी वाटलं प्रदर्शन होऊन जाऊ दे. प्रदर्शन झालं, लोकांनी चित्रासमोर फोटो काढून घेतले, वाचनालयाने ते चौकट करून जिन्यात लावलं, खाली माझं नाव. मग वाटलं, आता चौकट काढायला कोणत्या तोंडाने सांगू. बायकोला मात्र सांगितलं. ती म्हणाली, "एवढंच ना? मग जा नि सांगून या." एवढंच होतं, म्हणूनच जमेना.

बाई मंडळात यायच्या थांबल्या. दोन-तीन महिन्यांनी जिन्यात भेटल्या. माझ्या चित्रासमोर उभ्या होत्या, नाक काचेला लागेल इतक्या जवळ. काळा चष्मा कपाळावर सरकवलेला.

"ऑपरेशन करून घेतलं भाऊ. एका डोळ्याचं झालं, दुसऱ्याचं पुढच्या महिन्यात. सगळं धुऊन काढल्यासारखं दिसतंय. म्हटलं आधी इथे येऊन बघावं." बोट त्यांनी चक्राच्या उजव्या टोकाकडे नेलं, काचेला न लावता. "नाहीच ना इथे काही?"

जिन्यात आम्ही दोघंच होतो. याच्यापेक्षा सोपी वेळ मला पुन्हा मिळणार नव्हती.

"नाही," मी म्हणालो.

"तुमचं खरं होतं मग," त्या म्हणाल्या आणि कठडा धरून खाली उतरून गेल्या.

पहिल्या वेळी मी नकळत पुसला होता. या वेळी कळून.

त्यानंतर सगळं बंद पडलं. त्या दिवसांत घरातच बसायचं असल्याने मी आकाशाचे किती तरी तुकडे मागवले, पण साफ एकही केला नाही. हात लावायची भीती बसली. रात्री स्वप्नात मात्र माझ्या हातात कुपी असायची. उलटी करून हलकेच फिरवायचो, तर आतलं पाणी काळं होत जायचं आणि तळातून एक ठिपका उठायचा, गोल गोल फिरत वर यायचा. मी तो बाईंना दाखवायला वळायचो आणि त्या पडद्यामागे असायच्या, अर्ध्या काळ्यात, अर्ध्या पांढऱ्यात.

सगळं उघडल्यावर मी ते चक्र पुन्हा केलं. लाल आणि निळी, दोन्ही जशा आल्या तशाच एकमेकींवर बसवल्या. धुळीसकट, केसासकट. मोठ्या कागदावर छापून घेतलं आणि पुठ्ठ्याच्या नळीत घातलं. बाई दर मे महिन्यात मंडळातल्या सगळ्यांना गावठाणात बोलवायच्या. मे महिनाभर तिथे संध्याकाळी क्रूसासमोर प्रार्थना चालते. मी कधी गेलो नव्हतो. त्या वर्षी नळी घेऊन गेलो.

क्रूसाला झेंडूच्या माळा, भोवती मेणबत्त्या, खुर्च्या मांडलेल्या. ऊन अजून पुरतं उतरलं नव्हतं. बाईंनी मला लांबूनच ओळखलं. "या, पुसणारे भाऊ," म्हणत शेजारची खुर्ची रिकामी करवली. प्रार्थना मराठीतच होती, एकाच सुरात पुन्हा पुन्हा येणारी, आणि आजूबाजूच्या काचेच्या इमारतींत मेणबत्त्यांची रांग उतरली होती. मला गुंगी आल्यासारखं झालं. संपल्यावर त्यांच्या सुनेने कागदाच्या द्रोणात उकडलेले चणे वाटले.

"अजून पुसता का?" बाईंनी विचारलं.

"नाही. सोडलं."

"मीपण सोडलं बघणं." त्या चणे एकेक करून खात होत्या. "पण एक सांगायचं राहिलं होतं तुम्हाला. त्या दिवशी तुम्ही सगळ्यांसमोर बोललात ना, मला राग आला होता. घरी जाऊन रडले मी. मग म्हटलं, असेल खरं, दाखवून तर येऊ. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू राहू दे बाजूला, आत काचबिंदू सुरू झालाय, आणखी उशीर केला असता तर डोळा गेला असता. तुमच्यामुळे गेले मी. उपकार झाले तुमचे."

नळी माझ्या गुडघ्यांत उभी होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलंही. "काय आणलंय हो?"

मी म्हणालो, "काही नाही. नातवाचा तक्ता आहे शाळेचा. वाटेत घेतला."

त्यांनी आणखी एक द्रोण भरून दिला, घरच्यांसाठी. नळी एका हातात, चणे दुसऱ्या हातात, असा मी रिक्षात बसलो.

गेल्या पावसाळ्यात सरांचा फोन आला, बाई गेल्या म्हणून. झोपेत गेल्या. मी मातीला गेलो, मागे उभा राहिलो, नळी नेली नव्हती. नंतर त्यांच्या मुलाला सांगायचं ठरवून त्याच्याकडे गेलो, तर तो म्हणाला, "आई तुमचं फार नाव काढायची," आणि मी मान हलवली.

ते चित्र अजून वाचनालयाच्या जिन्यात आहे. पुढच्या रविवारी मी ते उतरवून तिथे नळीतलं लावायला सांगणार आहे. खाली माझ्या नावाऐवजी त्यांच्या डायरीतला बॅच नंबर घालायचा आहे, तो मुलाकडून मागून घ्यावा लागेल, आणि त्याला का ते सांगावं लागेल. तोपर्यंत कुणी तिथून गेलात तर उजव्या हाताच्या टोकाकडे बघा. तिथला काळोख जरा जास्तच गुळगुळीत आहे.

त्या मे महिन्यातल्या संध्याकाळी नळी घेऊन गावठाणाकडे जाताना मी रिक्षात चार वेळा म्हणून पाहिलं होतं. ड्रायव्हरने आरशातून दोनदा पाहिलं. शब्द अगदी साधे होते, अजून तोंडपाठ आहेत. बाई, तुमचे डोळे बरोबर होते. तारा होता, दोन्ही काचांवर होता. मी तो पुसला, आणि तुम्ही जिन्यात विचारलंत तेव्हा मला माहीत होतं. मला माफ करा.